माणशी एक खुर्ची

नेव्हिल पॅस्कोने घर रिकामं केलं तेव्हा सगळ्यात जास्त फायदा आमच्या गल्लीचा झाला, हे मी आधीच सांगून टाकते. माझं गवत आज ज्या मशीनने कापलं जातं ते मशीन त्याचं. शेजारच्या स्टेलिओसच्या शेडमध्ये जी हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलीत, ती त्याची. त्याची बायको लॉरेनसुद्धा अशीच कुणीतरी उचलून नेली असती. ती थोडक्यात वाचली, त्याची ही हकीकत.

आम्ही राहतो ऑस्ट्रेलियात, जिलाँगला, कोरायोच्या जुन्या वस्तीत. पॅस्कोंचं घर माझ्या बरोबर समोर, म्हणजे मला खिडकीत उभं राहून भांडी घासताना त्यांचं सगळं दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. पण सिंक तिथेच आहे, मी काय करू?

नेव्हिल, म्हणजे आमचा नेव, आयुष्यभर शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करत होता आणि आयुष्यभर साठवत होता. त्याच्या मागच्या शेडमध्ये काय नव्हतं ते विचारा. जॅमच्या बाटल्यांमध्ये स्क्रू, अर्धे वाळलेले रंगाचे डबे, बोट नसताना बोटीचं इंजिन. कशालाही हात लावला की तो ओरडायचा, "राहू दे, लागेल कधीतरी." लॉरेन वैतागून म्हणायची, "मी मेले ना नेव, की मलाही तिथेच ठेवशील. लागेल कधीतरी म्हणून."

मग तो रिटायर झाला. पहिले काही महिने रोज सकाळी कुंपणापाशी येऊन उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "ग्वेन, मी आयुष्यभर काय केलं? थंडी बनवली. लोकांच्या मटारांना थंडी. ह्याला काही अर्थ आहे का?"

"मी मटार खाल्ले की, तुझ्या थंडीतले," मी म्हटलं. "चांगले होते."

त्याचं समाधान झालं नाही. बिचारा खरंच खचला होता, मला वाईट वाटलं. अशा वेळी माणसाने कुत्रा पाळावा. नेव लायब्ररीत भाषणाला गेला.

भाषण देणाऱ्याचं नाव फिन. आडनाव त्याने सोडून दिलं होतं, म्हणे ओझं होत होतं. पांढरा शर्ट, अनवाणी पाय, आणि बरोबर गाडीभर खोकी. खोक्यांत त्याचं पुस्तक, पुस्तकाबरोबर सोडवायची वही, आणि एक बांबूची पेटी. उरलेल्या मोजक्या वस्तू ठेवायला आणखी एक वस्तू. नेवने तिन्ही घेतल्या. फिनचा मंत्र सोपा होता: माणशी एक. घरात जितकी माणसं, तितक्या ताटल्या, तितके कप, तितक्या खुर्च्या. बाकी सगळं म्हणजे भीती. त्या भीतीच्या मागे आयुष्याचा अर्थ दबलेला असतो, तो मोकळा करायचा.

"आणि तुमची ती खोकी?" मी विचारलं. मीही गेले होते, तिथे केक फुकट होता.

"ती माझी नाहीत," फिन गोड हसला. "ती तुमची आहेत. तुम्हाला अजून माहीत नाही, एवढंच."

आता आमच्याकडची मोठ्या कचऱ्याची पद्धत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय नेवचं काहीच जमलं नसतं. वर्षातून दोनदा कौन्सिलचा ट्रक येतो. त्याआधी आपल्याला नको असलेलं मोठं सामान घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर काढून ठेवायचं. गवतावर आलं की ते कुणाचंच नाही, ज्याला हवं त्याने न्यावं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण चर्चमध्ये लिहिलेल्या गोष्टींपेक्षा जास्त पाळला जातो. फक्त दोन पथ्यं आहेत. मालकाच्या डोळ्यांदेखत उचलायचं नाही, संध्याकाळी कुत्रा फिरवायच्या निमित्ताने यायचं. आणि एकदा गेलेलं परत मागायचं नाही. मेलात तरी नाही.

पहिल्या फेरीत नेवने शेड रिकामी केली. अहो, काय तो ढीग! गल्लीतल्या ज्यांच्याकडे कुत्रे नव्हते त्यांनी त्या संध्याकाळी दुसऱ्यांचे कुत्रे मागून आणले. मी मशीन नेलं. स्टेलिओसने हत्यारं, शिडी आणि सामान वाहायची ट्रॉली नेली, तीही नेवच्याच एकचाकी गाड्यात भरून, आणि गाडाही ठेवून घेतला. लॉरेन तर एवढी खूश होती की तीच आम्हाला वस्तू उचलू लागली. "न्या गं बायांनो, न्या! देवच पावला!" त्या फेरीत नेवने समोरचं जाळीचं दारसुद्धा काढून गवतावर टाकलं. एका घराला दोन दारं कशाला, म्हणे. उन्हाळाभर लॉरेन माश्या मारत बसली, पण तेव्हा ती हसत होती.

दुसऱ्याच आठवड्यात नेव माझ्या दारात.

"ग्वेन, तुझं गवत कापायचं मशीन देतेस का?"

"तुझंच आहे की ते."

"माझं काही नाही," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर मोकळं वाटतंय."

मोकळं वाटत असेल, पण पेट्रोल माझं जळत होतं. मग तो शिडी मागायला स्टेलिओसकडे गेला. शिडीवर चढून पन्हळ साफ करता करता वरून स्टेलिओसला प्रवचन, की माणसाने वस्तूंचा गुलाम होऊ नये. स्टेलिओस खाली शिडी धरून उभा. तो मला नंतर म्हणाला, "ह्याची शिडी, ह्याची पन्हळ, आणि गुलाम मी." स्टेलिओस तसा देवमाणूस आहे. त्याची बायको वूला तशी नाही. ती दिसेल ते बोलते, म्हणून मला आवडते.

इथवर ठीक होतं. गल्लीला टवाळीला विषय झाला होता. पण शेड संपल्यावर, पुढची फेरी आली तसा, नेव घरात शिरला.

लॉरेनचं एक होतं, ते म्हणजे गुरुवार. मुलगा पर्थला, मुलगी डार्विनला, दोघं फोनवर घाईत असतात. त्यामुळे तिचा आठवडा गुरुवारच्या चहाभोवती फिरायचा. तपकिरी मातीची ही एवढी मोठी किटली, तिला तिनेच विणलेलं लोकरीचं टोपडं. गरम स्कोन, म्हणजे छोटे मऊ पाव, आणि घरचा जर्दाळूचा जॅम. लांब टेबलाभोवती मी, वूला, कोपऱ्यावरची पेग आणि ज्याला यायचं तो. वूलाचा भाऊ गेला तेव्हा ती त्या टेबलावर डोकं ठेवून रडली. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा कोण कोण जेवण आणणार ते त्या टेबलावर ठरलं. टपाल टाकणारा पोरगादेखील गुरुवारी आमच्या गल्लीला शेवटी यायचा, स्कोन मिळतो म्हणून.

एका गुरुवारी आम्ही गेलो तर टेबल नाही. खिडकीपाशी एक छोटी तिपाई, दोन खुर्च्या. कपाटात दोन कप. आणि माझ्या खिडकीतून जी दिसायची ती किटली गायब.

"बसा ना," नेव म्हणाला.

"कशावर?" वूलाने विचारलं. "तुझ्या उपदेशावर?"

"आळीपाळीने बसू. दोघांनी प्यायचा, कप धुवायचा, मग पुढच्या दोघांनी. खरं तर त्यामुळे चहाकडे जास्त लक्ष जातं."

आम्ही आळीपाळीने चहा प्यायलो. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसं. पेगचे गुडघे दुखतात, ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि अर्ध्या तासात घरी गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी वूला मला म्हणाली, "मी नाही येणार. तिथे गेलं की मीच जास्तीची वस्तू आहे असं वाटतं." हिवाळा लागेपर्यंत गुरुवार बंद पडला.

किटली कुणी नेली ते मला माहीत होतं. वूलाने. तिच्या मागच्या पायरीवर ती ठेवली होती आणि तिच्यात पुदिना लावला होता. ग्रीक बाई, कॉफी पिणारी, तिला चहाच्या किटलीची काय कदर! पण गवतावरून नेलेलं, त्यामुळे मी काही बोलू शकत नव्हते.

लॉरेन मग माझ्याकडे यायला लागली. माझ्या स्वयंपाकघरात बसायची आणि माझ्या कपाटांकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "ग्वेन, घरात मी खोकले ना, की आवाज फिरून परत येतो. नेव म्हणतो ही शांतता आहे. मला ती शांतता वाटत नाही गं. कुणी मेल्यावर घर असतं तसं वाटतं."

"सांग की त्याला."

"सांगितलं. तो म्हणाला, सुरुवातीला असं होतं, फिनच्या पुस्तकात आहे." तिने कप बशीत ठेवला. "शेपर्टनला माझ्या बहिणीकडे एक खोली रिकामी आहे. मी तिला विचारून ठेवलंय."

मी म्हटलं, "मूर्खासारखं बोलू नकोस." पण ती मूर्खासारखं बोलत नव्हती. त्या दिवसापासून मी नेवशी धड बोलले नाही. मशीन मागायला आला तर मी म्हटलं, बिघडलंय. तो म्हणाला, दुरुस्त करून देतो, तुझ्याकडे पाना आहे का?

वसंतातली फेरी आली. घरात आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण नेवचं डोकं ठिकाणावर नव्हतं. माणशी एक खुर्ची, असं त्याचं गणित, आणि लॉरेनच्या नावावर दोन निघाल्या. एक स्वयंपाकघरातली लाकडी आणि एक तिची हिरवी सोफाखुर्ची. जाड हातांची, बसकट, मुलांना पाजताना घेतलेली. एकीवर तिने बोट ठेवावं, असं नेव तिला आठवडाभर सांगत होता. तिने ठेवलं नाही. शनिवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना ह्या शहाण्याने सोफाखुर्ची स्टेलिओसच्या ट्रॉलीवर घालून गवतावर नेऊन ठेवली.

मी सिंकपाशीच होते. लॉरेन झग्यातच बाहेर आली, केसांना टॉवेल. खुर्चीकडे बघितलं. मग शांतपणे गवतावर गेली आणि त्या खुर्चीत बसली. मला वाटलं क्षणभर बसेल आणि उठेल. ती उठली नाही.

नेव व्हरांड्यात आला. "लॉरेन, काय करतेयस?"

"बसलेय."

"लोक बघतायत."

"बघू देत. गवतावर ठेवलेलं सगळं ज्याला हवं त्याचं. तूच ठेवलंस. मी खुर्चीबरोबर आलेय, तिच्याशिवाय जात नाही."

तेवढ्यात एक पिकअप गाडी हळूहळू आली. बाहेरच्या वस्तीतला भंगारवाला, मागे ट्रेलर. त्याला आमची पथ्यं माहीत नसावीत, भर सकाळी थांबला. काच खाली करून म्हणाला, "अहो बाई, ती खुर्ची जायचीये का?"

"जायचीये," लॉरेन म्हणाली. "पण माझ्यासकट."

त्याने तिच्याकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, ट्रेलरमध्ये किती जागा आहे ते बघितलं. खरंच बघितलं हो, मी खोटं कशाला सांगू! "तुम्हाला चालेल का हो, साहेब?" त्याने नेवला विचारलं.

नेवचं तोंड उघडं ते उघडंच. "ती... ती माझी बायको आहे!"

"मग गवतावर कशाला ठेवलीत?" तो माणूस म्हणाला आणि पुढे गेला.

मी ओले हात पुसले, माझी घडीची खुर्ची बगलेत मारली आणि रस्ता ओलांडला. लॉरेनच्या शेजारी ती मांडली आणि बसले. मला तिचा एवढा अभिमान वाटत होता की काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, "केस वाळव, सर्दी होईल."

पुढचं कुणी ठरवलं नाही. त्या दिवशी गल्लीभर प्रत्येकाच्या पट्टीवर सामान निघालेलं होतंच. कुठे पाय मोडका बाक, कुठे फाटक्या गादीचा सोफा. पेग गुडघे सांभाळत आली आणि सोफ्यावर बसली, तर तो सोफाच ओढून आणावा लागला. स्टेलिओसने आपल्याकडचं लांब टेबल आणलं. ते कुणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. दुपारी वूला आली, हातात किटली. पुदिना काढून घासून घासून लख्ख केलेली.

"मातीचा वास येईल थोडा," ती म्हणाली. तिने असं खाली मान घालून बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"येऊ दे," लॉरेन म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली. दिवसभरात तेवढीच.

मी स्कोन केले. लॉरेनसारखे नाही होत माझे, दगड होतात, पण सगळ्यांनी खाल्ले. खाडीकडून गार वारा सुटला होता तरी कुणी उठेना. गुरुवार नव्हता, पण अनेक महिन्यांचे गुरुवार तिथे गोळा झाले होते. आणि आत, रिकाम्या खोलीत, खिडकीपाशी नेव आपल्या एका खुर्चीवर बसलेला दिसत होता. आता त्याच्या घरात खरंच काही नव्हतं. फिनलाही जमलं नसेल असं साधलं होतं त्याने.

संध्याकाळ होत आली तेव्हा तो बाहेर आला.

"एक कप मिळेल का?"

लॉरेनने मान वर केली नाही. "माणशी एक आहे, नेव. तुझा घरात आहे."

तो जाऊन कप घेऊन आला. तिने चहा ओतला. तो कप धरून उभा राहिला. आम्ही कुणीही सरकलो नाही. सोफ्यावर पेगच्या बाजूला जागा होती, पण पेगने तिथे पर्स ठेवली.

"आणि बसू कुठे?"

"माणशी एक," आम्ही सगळ्या एकदम म्हणालो.

तो परत आत गेला आणि आपली लाकडी खुर्ची उचलून घेऊन आला. लॉरेनच्या शेजारी ठेवून बसला. एक घोट घेतला. मग म्हणाला, "मातीचा वास येतोय."

"पुदिन्याचा," वूला गुरकावली.

"लॉरेन, आत चल."

"आत काय आहे?"

त्याने वळून उघड्या दारातून आत बघितलं. चेहरा कसनुसा झाला त्याचा. मला राग होता, पण तेवढ्यापुरती त्याची कीव आली. तो हळू आवाजात म्हणाला, "तू नसलीस तर मी काय करू तिथे?"

"सोमवारी ट्रक येतो," लॉरेन म्हणाली. "तोवर ही खुर्ची, हे टेबल आणि ही माणसं आत गेली, तर मी जाईन. नाहीतर मी शेपर्टनला जातेय. बहिणीला सांगून ठेवलंय." ती हे भांडून बोलली नाही. किराणा सांगावा तसं बोलली, म्हणून नेव पांढरा पडला.

तो उठला. "स्टेलिओस, ट्रॉली देतोस?"

"तुझीच आहे रे बाबा," स्टेलिओसने कपाळाला हात लावला.

त्यांनी खुर्ची ट्रॉलीवर चढवली, लॉरेनसकट. ती काही उठली नाही. मांडीवर किटली, डोक्याला टॉवेल. दारापर्यंत आले आणि अडकले. खुर्ची चौकटीत जाईना. दार पूर्ण उघडलं तरी दाराच्याच जाडीएवढी जागा कमी पडत होती.

"जरा उठतेस का?" नेव म्हणाला. "आडवी करून घेतो."

"मी उठणार नाही. दार काढ."

बिजागऱ्या सोडवायला स्क्रू ड्रायव्हर हवा. शीतगृहांची यंत्रं खोलणारा हा माणूस, त्याच्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर नव्हता. तो स्टेलिओसच्या शेडमध्ये पळत गेला, आपलाच घेऊन आला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त करत असल्यासारखा गुडघ्यावर बसला. हात मात्र तसेच सराईत होते. त्याने दार उतरवलं, नेऊन कुंपणाच्या बाहेर टेकवलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून राणीची स्वारी आत ढकलली. मागोमाग टेबल गेलं. सोफा गेला, पेग गेली. टेबल जागेवर बसेपर्यंत गलका चालला होता.

मग नेव दार आणायला बाहेर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"दार कुठे ठेवलंस तू?" स्टेलिओसने विचारलं.

"कुंपणाला टेकवून."

"आतून की बाहेरून?"

बाहेरून, म्हणजे गवतावर. मी खिडकीतून वाकून बघितलं. ती पिकअप गाडी कोपऱ्यावर वळत होती आणि ट्रेलरमध्ये पॅस्कोंचं अस्सल लाकडी दार उताणं पडलं होतं. आता तो बिचारा पथ्यं शिकून, संध्याकाळ करून आला होता, त्याला नावं कशी ठेवणार? हाका मारायला नेवने तोंड उघडलं, पण गवतावरून गेलेलं परत मागत नाहीत. त्याने तोंड मिटलं.

जाळीचं दार तर त्याने आधीच टाकलेलं. त्या रात्रीपुरता मी एक जाडा कांबळा दिला, तो चौकटीला ठोकला. हातोडी स्टेलिओसची.

ह्याला आता बरेच आठवडे झाले. कांबळा अजून तिथेच आहे. घंटी वाजवायला दार नाही, त्यामुळे वूला रस्त्यापासूनच ओरडत येते, टपालवाला पोरगा कांबळा वर करून स्कोन आहेत का बघतो. गुरुवारी तर येतातच, पण मंगळवारीही कुणी ना कुणी असतं. परवा लॉरेन किटलीवर टोपडं घालत होती तेव्हा नेवने विचारलं, "नवं दार मागवू का?"

"बघू," ती म्हणाली. "घाई नाही."

आणि नेव? तो सुधारला असं समजू नका. काल कुंपणापाशी मला थांबवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "ग्वेन, आता मला कळलं. घरातून एकच वस्तू काढायची होती. बाकी सगळं चुकून काढलं, पण ती मी शेवटी काढली."

काढली म्हणे! पळवली ती, मेल्या, भंगारवाल्याने. पण मी काही बोलले नाही, माझ्या हातात त्याचं मशीन होतं.